अश्लीलता आणि स्त्रीची संमती

हिंगोलीच्या शेजारी, नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोड्यागाढवांच्या बाजाराइतकीच ती लावणी महोत्सवासाठी प्रसिद्ध आहे, आणि या महोत्सवाला जिल्हा परिषदेचे पाठबळ असते. लावणी हे महाराष्ट्राचे लेणे आहे, तिचे जतन व्हावयास हवे, याविषयी कोणाचे दुमत नसते. मात्र जिच्या पायांतील चाळांवर हे लेणे उभे आहे, त्या स्त्रीकडे पाहण्याची समाजाची दृष्टी निराळी असते. तिच्या पोटी जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला काय येते, हे डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. आईचे नाव आपल्या नावात धारण करणाऱ्या या लेखकाने महाराष्ट्राला जो प्रश्न विचारला तो साधा होता: कला हवी आणि कलावती नको, हे कसे?

हा दुटप्पीपणा लोकांच्या मनापुरता राहिला असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु तो शासनाच्या व्यवहारातही उतरला आहे. ज्या शासनाने तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, त्याच शासनाने २००५ साली बारमध्ये नाचणाऱ्या स्त्रियांची उपजीविका एका कायद्याने बंद केली. दोन्ही ठिकाणी स्त्री नाचत होती, दोन्ही ठिकाणी शृंगार होता, दोन्ही ठिकाणी पैसे देणारा पुरुष समोर बसला होता. मग एकीला पुरस्कार आणि दुसरीला बंदी, हा भेद कोणत्या तत्त्वावर करण्यात आला? या प्रश्नाचा माग काढीत गेल्यास अश्लीलता, पोर्नोग्राफी आणि स्त्रीचा स्वतःच्या देहावरील अधिकार या साऱ्या वादाच्या मुळाशी जाता येते.

कायद्याची नजर कोणावर?

अश्लीलतेविषयीचा भारतीय कायदा इंग्रजांकडून आला. १८६८ सालच्या हिक्लिन खटल्यात इंग्लंडमधील न्यायालयाने एक कसोटी घालून दिली: ज्यांची मने अनैतिक प्रभावाला बळी पडू शकतात, अशांना बिघडविण्याची प्रवृत्ती एखाद्या लेखनात आहे काय? मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीबद्दल झालेली शिक्षा १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, ती याच कसोटीच्या आधारे. पुढे २०१४ साली न्यायालयाने ही जुनी कसोटी बाजूस सारून समकालीन समाजमानाची कसोटी स्वीकारली. बदल निःसंशय स्वागतार्ह होता. तथापि जुन्या आणि नव्या कसोटीत एक साम्य उरलेच. दोहोंची नजर चित्र पाहणाऱ्यावर आहे. त्याचे मन बिघडेल काय, समाजाला ते खपेल काय, एवढेच न्यायालय पाहते. चित्रात जी स्त्री आहे तिने त्याला होकार दिला होता काय, तिच्यावर बळजबरी झाली होती काय, ते चित्र पुढे कोणाच्या हाती जावे हे ठरविण्याचा हक्क तिला होता काय, हे प्रश्न या कसोटीत बसतच नाहीत.

१९८६ साली संसदेने स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा कायदा केला. त्यामागे स्त्री संघटनांची खरीखुरी कळकळ होती. चित्रपटांच्या बीभत्स फलकांना काळे फासणाऱ्या कार्यकर्त्यांना स्त्रीचे वस्तूकरण सलत होते, आणि ते सलणे योग्यच होते. परंतु कायद्याच्या व्याख्येत स्त्रीच्या अप्रतिष्ठेच्या जोडीला सार्वजनिक नीतिमत्तेला पोहोचणारी बाधाही येऊन बसली, आणि संमतीचा मात्र उल्लेखही आला नाही. स्त्रीच्या बाजूने उभा राहिलेला कायदा अशा रीतीने पुन्हा समाजाच्या सोवळ्याचा राखणदार झाला.

परंपरेतील स्त्रीस्वर

स्त्रीने आपली कामना बोलून दाखविणे हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, असे अनेकदा सांगितले जाते. हे विधान मराठी भूमीच्या इतिहासाला धरून नाही. गोदाकाठचे पैठण ही सातवाहनांची राजधानी. त्या वंशातील हाल राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि तिच्यातील कितीतरी गाथा स्त्रीच्या तोंडी आहेत. त्यांतील स्त्रिया शेतात राबणाऱ्या, पाणवठ्यावर जाणाऱ्या, प्रियकराची वाट पाहणाऱ्या आहेत. आपल्या इच्छेची त्यांना लाज वाटत नाही. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली या ग्रंथाची मराठी आवृत्ती सिद्ध केली तेव्हा महाराष्ट्राला आपल्याच एका विसरलेल्या आवाजाची ओळख झाली.

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाणारे नरसी हे गाव हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या काठी आहे. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई हिने पदराची आणि लोकलाजेची तमा न बाळगता भरल्या बाजारी निघालेल्या स्त्रीची प्रतिमा आपल्या अभंगात योजिली. तिचा भाव भक्तीचा आहे, यात शंका नाही. पण पराकोटीचे स्वातंत्र्य सांगण्यासाठी तिला जी प्रतिमा जवळची वाटली, ती समाजाने टाकून दिलेल्या स्त्रीची होती, हे विसरता येत नाही.

लावणीची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिरांनी स्त्रीच्या तोंडी शृंगार घातला, पण तो लिहिला पुरुषांनी आणि मुख्यतः पुरुषांसाठी. तरीही फडावर उभी राहणारी स्त्री केवळ बाहुली नव्हती. कोणत्या ओळीवर थांबावयाचे, कोणाकडे पाहून हसावयाचे, उद्धट प्रेक्षकाची फजिती कशी करावयाची, हे तिच्या हाती असे. दुसऱ्याच्या शब्दांत स्वतःचा आवाज मिसळण्याची ही कारागिरी तिने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली.

विसाव्या शतकात या विषयाला बुद्धिवादाची बैठक दिली ती र. धों. कर्वे यांनी. १९२७ पासून १९५३ साली झालेल्या त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एकहाती चालविले. संततिनियमनाचे नाव काढणेही जेथे अवघड होते, तेथे स्त्रीलाही कामसुखाचा पुरुषाइतकाच अधिकार आहे, हे ते निर्भीडपणे मांडीत राहिले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, अविवाहित तरुणींच्या मनातील घुसमट त्यात होती. त्यावर असे वादळ उठले की लेखिका कोण याचाच शोध सुरू झाला. त्या पुस्तकात नग्नतेचे चित्रण नव्हते. स्त्रीलाही मन आणि शरीर असते, एवढेच तिने म्हटले होते, आणि तेवढेही तत्कालीन समाजाला असह्य झाले.

परदेशातील वाद

पोर्नोग्राफीवरून स्त्रीवादी चळवळीत जो मोठा तट पडला तो अमेरिकेत. अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरिन मॅकिनन यांचे म्हणणे असे की, पोर्नोग्राफी हे स्त्रीच्या दास्याचे निव्वळ चित्र नसून ती प्रत्यक्ष दास्याची कृतीच आहे. १९८३ साली मिनिआपोलिस शहरासाठी त्यांनी तयार केलेल्या नियमावलीत, अशा चित्रणामुळे हानी झालेल्या स्त्रीला नुकसानभरपाई मागण्याचा हक्क होता. त्यामागील वेदना खरी होती. चित्रपटाच्या नावाखाली मारहाण सोसलेल्या स्त्रियांचे अनुभव त्यांच्यासमोर होते.

त्यांना उत्तर दिले तेही स्त्रीवाद्यांनीच. एलेन विलिस आदी लेखिकांनी म्हटले की, कामभावना ही मुळातच स्त्रीविरोधी आहे असे मानले, तर स्त्रीच्या वाट्याला पुन्हा जुनेच सोवळे येईल. ‘चांगली’ स्त्री आणि ‘वाईट’ स्त्री ही पुरुषी विभागणी मग स्त्रीवादाच्या नावाने चालू राहील. स्त्रीने शृंगाराचे चित्रण करावे, पाहावे, त्यात भाग घ्यावा की नाही, हे तिने ठरवावे, शासनाने नव्हे. इंडियानापोलिस शहराने स्वीकारलेला तसाच नियम १९८५ साली अपील न्यायालयाने रद्द केला. कॅनडात मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली स्त्रीच्या हानीचा युक्तिवाद मान्य केला. त्यानंतर टोरांटोमध्ये ज्या प्रकाशनांवर कारवाई झाली त्यांत स्त्रियांनीच स्त्रियांसाठी काढलेले एक समलिंगी मासिक होते. स्त्रीच्या रक्षणार्थ शासनाच्या हाती दिलेले शस्त्र कोणावर चालते, याचा हा धडा होता.

पंधरा ऑगस्टची बंदी

हा धडा महाराष्ट्राने स्वतःच्या घरी गिरविला. २००५ साली विधिमंडळाने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती केली आणि १५ ऑगस्टपासून राज्यातील डान्स बार बंद झाले. या बारमध्ये नाचणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या वेळी सुमारे पाऊण लाख सांगितली जात असे. बंदीचे एक कारण म्हणून स्त्रियांची प्रतिष्ठा सांगण्यात आली. परंतु तीन आणि त्याहून अधिक तारांकित हॉटेले आणि जिमखाने यांना त्यातून सूट होती. म्हणजे प्रतिष्ठा नाचणारीच्या देहात नसून पाहणाऱ्याच्या खिशात होती, असाच याचा अर्थ झाला.

या वेळी स्त्री चळवळीतही मतभेद झाले. काहींना बंदी योग्य वाटली. उलटपक्षी ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ या मुंबईच्या संघटनेने आणि एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने या स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून त्यांची परिस्थिती नोंदविली. फ्लेव्हिया ॲग्नेस यांच्यासारख्या वकील त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी समानतेच्या आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या हक्काविरुद्ध ठरविली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि बंदीमुळे अनेक स्त्रियांना वेश्याव्यवसायाकडे वळणे भाग पडले, याची नोंद घेतली. त्यानंतरही राज्याने २०१४ आणि २०१६ साली नवे कायदे केले. त्यांतील अनेक जाचक अटी १७ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने रद्द केल्या. चौदा वर्षांच्या या लढाईत कायदा जिंकला की हरला, हे गौण आहे. ज्या स्त्रीसाठी हा सारा खटाटोप केल्याचे सांगितले गेले, तिला काय हवे आहे हे विधिमंडळाने एकदाही विचारले नाही, हे महत्त्वाचे आहे.

जात आणि निवड

या विचारसरणीवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्त्रीची निवड, स्त्रीची निवड असे म्हणावयाचे. पण ज्या जातींत जन्मलेल्या मुलीला नाचण्यावाचून दुसरा मार्गच ठेवला गेला नाही, तिची निवड कसली? कोल्हाटी समाजातील ‘चिरा उतरविणे’ ही रीत पाहावी. वयात आलेल्या मुलीवरील पहिला हक्क पैसेवाला पुरुष विकत घेई. मुरळी, जोगतीण, देवदासी या प्रथा पाहाव्यात. या साऱ्याला स्वातंत्र्य म्हणणे ही क्रूर थट्टा होईल.

या आक्षेपाचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे मिळते. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’वरील खटल्यात र. धों. कर्वे यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणाने लिहिण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, ही त्यांची बाजू होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, जून १९३६ मध्ये, मुंबईत कामाठीपुऱ्यातील महार वेश्या, मुरळ्या आणि जोगतिणी यांच्यासमोर बोलताना त्यांनी तो व्यवसाय सोडून देण्याचे आवाहन केले. त्यांचे शब्द कठोर होते, आणि त्या कठोरपणावर आजही चर्चा होते. वरवर पाहता या दोन भूमिका परस्परविरुद्ध वाटतात. वस्तुतः तशा त्या नाहीत. कर्वे यांनी जे लिहिले ते आपल्या बुद्धीने लिहिले. जोगतिणीच्या वाट्याला जे आले ते जातीने तिच्यावर लादले होते. पहिल्या ठिकाणी संमती दडपली जात होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती कधी विचारलीच गेली नव्हती. दोन्हींचा विरोध एकाच तत्त्वातून निघतो.

डॉ. शैलजा पाईक यांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तमाशावरील ग्रंथात हेच सूत्र अधिक खोलवर गेले आहे. दलित तमाशा कलावंत स्त्रीवर ‘अश्लील’ हा शिक्का जातीने मारला, आणि त्या शिक्क्याखालीही तिने माणुसकीचा दावा सोडला नाही, हे त्या दाखवितात. तेव्हा स्त्रीच्या स्वायत्ततेचे समर्थन करावयाचे तर जातीच्या सक्तीविरुद्धचा लढा त्यातच आला. बंदीने मात्र ही सक्ती संपत नाही. बंदीने फक्त मिळकत संपते.

येथे हिंगोली, बीड, परभणी या भागांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांची आठवण ठेवावयास हवी. त्यांच्या देहाची झीज कोणत्याही नर्तकीपेक्षा कमी नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली उजेडात आला तेव्हा महाराष्ट्र हादरला. तरीही स्त्रीच्या प्रतिष्ठेसाठी ऊसतोडीवर बंदी घाला, असे कोणी म्हटले नाही. मजुरी वाढवा, दवाखाना द्या, उचल देऊन बांधून घेण्याची पद्धत थांबवा, असेच म्हटले गेले. हा शहाणपणा शृंगाराच्या व्यवसायातील स्त्रीबद्दल मात्र कोणाला सुचत नाही. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतील स्त्रिया नव्वदच्या दशकापासून नेमके हेच मागत आल्या आहेत: उद्धार नको, हक्क हवा. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान आणि स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या स्त्रीलाही सन्मानाने जगण्याचा हक्क असल्याचे निर्देशात स्पष्ट केले.

होकाराची कसोटी

आज हा प्रश्न मुंबईच्या बारपुरता उरलेला नाही. तो हिंगोलीच्या, वसमतच्या, सेनगावच्या घराघरांत मोबाइलच्या रूपाने पोहोचला आहे. विश्वासाने पाठविलेले छायाचित्र संबंध तुटल्यावर गावभर फिरविण्याची धमकी, हे आजच्या तरुणींवरील अत्याचाराचे एक नवे रूप आहे. अशा वेळी ती मुलगी तक्रार करीत नाही, कारण पहिला प्रश्न तिलाच विचारला जाईल हे तिला ठाऊक असते: तू असले छायाचित्र काढलेसच कशाला? मग तिचा मोबाइल काढून घेतला जातो, कॉलेज सुटते, लग्नाची घाई होते. धमकी देणारा मात्र उजळ माथ्याने हिंडतो.

भारतीय कायद्यात या प्रसंगी दोन भाषा उपलब्ध आहेत. एक अश्लीलतेची, ती चित्राला दोषी ठरविते आणि ओघाने ते काढणाऱ्या मुलीलाही संशयाच्या पिंजऱ्यात उभी करते. दुसरी संमतीची. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ई हे कलम आणि २०१३ साली दंडसंहितेत आलेली, आता भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात असलेली तरतूद ही या दुसऱ्या भाषेत बोलते. स्त्रीने चित्र काढण्यास होकार दिला असला, तरी ते इतरांना दाखविण्यास दिला नसेल, तर दाखविणारा गुन्हेगार ठरतो, असे ७७ वे कलम स्पष्ट सांगते. म्हणजे होकार एकदा दिला की कायमचा दिला, असे कायदाही मानीत नाही. हीच कसोटी पोर्नोग्राफीच्या साऱ्या प्रश्नाला लावावयास हवी. जेथे बालक आहे तेथे संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. तो निखळ अत्याचार होय. जेथे बळजबरी, फसवणूक किंवा छुपे चित्रण आहे तेथे कठोर शिक्षा हवी. आणि जेथे सज्ञान स्त्री आपल्या इच्छेने, आपल्या अटींवर आपला शृंगार मांडते, तेथे इतरांना तो न पाहण्याचा पूर्ण हक्क आहे. तिला शिक्षा करण्याचा नाही.

बंदीचा मार्ग यापूर्वी चोखाळून झाला आहे. ३१ जुलै २०१५ रोजी केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांतच त्याला माघार घ्यावी लागली. तत्पूर्वी २००७ साली महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला विधिमंडळात विरोध होऊन तो रोखला गेला. परिणाम असा झाला की, शिक्षकाने जे सांगावयाचे ते सांगितले नाही आणि पडद्याने जे शिकवावयाचे ते शिकविले. त्या पडद्यावर स्त्रीचा नकार हा बहुधा होकाराची पहिली पायरी म्हणून दाखविला जातो. पंधरा वर्षांच्या मुलाचा तोच एकमेव गुरू असेल तर दोष गुरूचा की शाळेचा?

म्हणूनच या वादातील खरे काम संसदेत नाही, ते वर्गात आहे. नरसीच्या वाटेवरील एखाद्या माध्यमिक शाळेतील शिक्षकाने मुलामुलींना एकत्र बसवून होकार म्हणजे काय, नकार म्हणजे काय, आणि दिलेला होकार परत घेता येतो म्हणजे काय, एवढे जरी समजावून सांगितले, तरी कोणत्याही बंदीहुकमापेक्षा ते अधिक परिणामकारक ठरेल. ज्या मुलीला आपला देह ही लाजेची वस्तू नाही हे कळले आहे, ती धमकीला भीक घालणार नाही. ज्या मुलाला दुसऱ्याच्या देहावर आपला हक्क नाही हे कळले आहे, तो धमकी देणार नाही. समाजाने आजवर स्त्रीची अब्रू राखण्याची फार काळजी केली. आता तिचा शब्द राखण्याची सवय लावून घ्यावयास हवी.